माझ्या डोक्यातली ठिणगी

मी एक जुनी मोटरसायकल आहे. मित्रांनो, यंदा मला अडतीस वर्षं झाली, तरी एका जागी उभं राहणं मला अजून जमलेलं नाही. उभी राहिले की टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, टायर बसतात, तारा गंजतात आणि जीव तळमळायला लागतो. मी चालण्यासाठी घडवलेली वस्तू आहे. पण नुसतं मनात आलं म्हणून चालता येत नाही. त्यासाठी डोक्यात ठिणगी पडावी लागते, आणि तीही योग्य ठिणगी. एकदा चुकीच्या ठिणगीने माझा जीव जाता जाता राहिला. माझ्यापेक्षा जास्त नुकसान दुसऱ्याच कुणाचं तरी झालं. तीच हकिकत तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. मला पहिली किक बसली आणि मी फुटफुट करत जागी झाले, तेव्हाच मला कळलं की आपल्याला शांत बसायचं नाही. ट्रकमध्ये इतर गाड्यांबरोबर दोरखंडाने बांधून मला परभणीला आणलं. त्या चार दिवसांत मी दोराला इतके हिसके दिले की माझ्या मडगार्डचा रंग उडाला.

दुकानातून मला नेणारा माणूस होता बन्सीधर. तो चारठाण्याला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होता. जनावरांच्या जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, डॉक्टरांच्या हाताखाली राहणं आणि डॉक्टर नसतील तेव्हा जमेल तेवढं सांभाळणं, हे त्याचं काम. गावोगावचे लोक त्यालाच 'डाक्टर' म्हणायचे. तो नको म्हणायचा, पण मनातून त्याला ते आवडायचं.

आमची जोडी जमली, कारण तोही माझ्यासारखाच होता. त्याला घाईच असायची. कुणाची गाय पोट फुगून पडली, कुणाच्या बैलाच्या पायात फाळ घुसला, निरोप आला की तो अर्धा चहा तसाच ठेवून उठायचा. काळ्या मातीच्या वाटा, ओढे, बांध, बाभळीचे काटे, सगळं तुडवत आम्ही जायचो. पावसाळ्यात माझ्या मडगार्डमध्ये चिखल अडकून चाक फिरायचं थांबायचं. मग तो काडीने चिखल काढायचा आणि माझ्याशी बोलायचा, "चल गं बाई, गाय वाट बघायलीय." मी निघायचे.

आता प्लगबद्दल सांगते. माझ्या इंजिनाच्या डोक्यावर बोटाएवढा एक प्लग बसवलेला असतो. वर पांढरी चिनी माती, खाली लोखंडी आटे, आणि अगदी टोकाशी नखाच्या जाडीएवढी फट. त्या फटीत ठिणगी पडली की पेट्रोल पेटतं आणि मी धावते. बन्सीधर हा प्लग दर रविवारी काढायचा, घासायचा, परत बसवायचा. तो खराब झाला की जिंतूरच्या एका दुकानात जायचा. दुकानदार मला बाहेर उभी बघूनच फळीवरचा ठरलेला प्लग काढून द्यायचा. तीस वर्षांत बन्सीधरने त्या डबीवरचा नंबर एकदाही वाचला नाही. वाचायची गरजच पडली नाही. पण हे त्याच्याही लक्षात नव्हतं, आणि माझ्याही.

पुढे तो निवृत्त झाला आणि आम्ही त्याच्या गावी, पिंगळीला आलो. तिथे माझे वाईट दिवस सुरू झाले. त्याचा मुलगा आदिनाथ परभणीला एका कचेरीत कारकून होता. त्याची नवी गाडी अंगणात उभी राहायची आणि मी मागच्या गोठ्यात, पोत्याखाली. समोरून दिवसभर रेल्वेगाड्या जायच्या. त्यांच्या धडधडीने माझी टाकी हलायची आणि आतलं शिळं पेट्रोल डचमळायचं. सगळं जग कुठेतरी निघालेलं होतं आणि मी कोंबडीच्या अंड्यांना टेकू देत उभी होते. बन्सीधर अधूनमधून यायचा, पोतं उचलायचा, माझ्या सीटवर थाप मारायचा आणि निघून जायचा. पाच वर्षं अशीच गेली. रागावून काही उपयोग नव्हता, पण मी रागावले होते.

मला त्या गोठ्यातून बाहेर काढलं ते राजेश्रीने. राजेश्री म्हणजे आदिनाथची बायको, बन्सीधरची सून. तिने पशुसखीचं प्रशिक्षण घेतलं होतं. आसपासच्या गावांत जाऊन शेळ्या-कोंबड्यांना लस टोचायची, जंताचं औषध द्यायचं, आजारी जनावर दिसलं तर डॉक्टरांना कळवायचं, हे तिचं काम. चालत चालत तिची दोनच गावं होत होती.

एके दिवशी ती बन्सीधरला म्हणाली, "मामा, ती गोठ्यातली गाडी मी घेऊ का?"

बन्सीधर हसला. "ती? अगं, तिची किक मारता मारता गडी माणूस घामाघूम होतो."

"तुमी शिकवा. होईन मी बी घामाघूम."

सासू चतुराबाई ओट्यावर तूर निवडत होती. ती तिथूनच म्हणाली, "द्या की. गंजून चाललीय नुसती. सुनेला दिली तर कामाला तरी यील."

बन्सीधरने उठून पोतं बाजूला केलं. मित्रांनो, त्या दिवशी माझ्यावर जे ऊन पडलं, ते मी विसरणार नाही.

त्याने स्वतः माझी टाकी धुतली, केबल बदलल्या, टायर टाकले. आदिनाथने माझे कागद नव्याने करून आणले. राजेश्रीला शिकवताना बन्सीधर गावाबाहेरच्या मैदानात माझ्यामागे पळायचा आणि ओरडायचा, "क्लच सोड हळू! हळू म्हणलं ना!" ती दोनदा पडली, तिसऱ्यांदा पडली नाही. महिनाभरात तिच्याकडे सात गावं आली. मी खूश होते.

फक्त एक अडचण होती. माझा जुना प्लग झिजला होता. किक दहा-बारा वेळा मारावी लागायची. त्यामुळे सासरा-सून दोघं परभणीला नवा प्लग आणायला गेले. मला दुकानाबाहेर उभं केलं होतं, तरी मला सगळं ऐकू येत होतं.

बन्सीधरने खिशातून जुना प्लग काढला. त्यावरची अक्षरं पुसली होती, शेवटचा एक आकडा तेवढा दिसत होता. दुकानदाराने घडणीवरून कंपनी ओळखली, पण ती आता माल पाठवत नाही म्हणाला. मग बन्सीधरने दुसऱ्या कंपनीच्या डब्या चाळल्या, तोच आकडा असलेला एक प्लग उचलला, जुन्याशेजारी धरून बघितला. आटे जुळले. लांबी जुळली.

"हा द्या," तो दुकानदाराला म्हणाला.

राजेश्री म्हणाली, "मामा, एकदा मिस्त्रीला विचारू का? कंपनी दुसरी हाय."

"इचारायचं काय त्यात? आकडा तोच, आटे तेच. तीस वर्षं गाडी चालवली म्या."

सासऱ्याशी भर दुकानात वाद घालणं तिला बरं वाटलं नाही.

नवा प्लग बसवला आणि पहिल्याच किकला मी चालू झाले. बन्सीधरची छाती फुगली. शेजाऱ्यांना बोलावून त्याने तीन-चार वेळा मला बंद-चालू करून दाखवलं. मलाही आधी ते आवडलं. पण दोन-तीन दिवसांतच माझ्या आत काहीतरी बिनसल्यासारखं झालं. रस्ता लांबला, ऊन चढलं की त्या प्लगचं टोक निखाऱ्यासारखं लाल व्हायचं. ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटायचं. वर चढणाऱ्या दट्ट्याला, म्हणजे पिस्टनला, अर्ध्या वाटेतच वरून दणका बसायचा. मी जोरात चालत होते, पण ते चालणं माझं नव्हतं. कुणीतरी मागून ढकलत असावं, तसं.

राजेश्रीला ते कळलं. ती घरी येऊन म्हणाली, "मामा, चढाला गाडी टकटक करायलीय. आन् चावी बंद केली तरी दोन-चार फेरे चालूच राहतीय. बंद व्हायलाच तयार न्हाई."

बन्सीधर म्हणाला, "इतकी वर्षं बांधून ठिवली होती. आता सुटलीय, खुशीत हाय."

मी खुशीत नव्हते, मित्रांनो. थांबायची इच्छा असूनही थांबता न येणं ही खुशी नसते. मला उभं राहणं आवडत नाही हे खरं, पण चावी बंद झाल्यावर मला थांबायचं असतं.

राजेश्रीने एका दुपारी स्वतः प्लग काढला. त्याची चिनी माती पांढरीफटक पडली होती आणि तिच्यावर बारीक फोड आले होते. तिने तो तळहातावर घेऊन सासऱ्यासमोर धरला. "हे बघा, मामा. हा भाजून निघालाय."

त्याने बघितलंही नाही. "तू लस टोचायचं बघ," तो म्हणाला. "गाडीचं मला कळतं."

राजेश्रीने प्लग परत बसवला. तिचा पाना माझ्या डोक्यावर जरा जोरात आपटला. माझ्यावर राग नव्हता तो.

मग मे महिना आला. राजेश्रीचं माहेर सोनपेठच्या अलीकडे, गोदावरीच्या बाजूच्या एका छोट्या गावात. तिथून सुलाबाईचा फोन आला. सुलाबाई म्हणजे तिच्या माहेरची शेजारीण. एकटी बाई, बत्तीस शेळ्या, आणि त्यावरच तिचं सगळं चाललेलं. पलीकडच्या गावात शेळ्यांमध्ये बुळकांडी रोगाची साथ आली होती. सुलाबाई म्हणाली, "आमच्याकडं यायच्या आत तूच ये गं बाय. तुज्याशिवाय कुणाला सांगू?"

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी राजेश्रीला लस दिली. ही लस बर्फातच न्यावी लागते. ती गरम झाली की कामातून जाते. राजेश्रीने बर्फ घालून थर्माकोलची पेटी बांधली. वाट लांबची, ऊन कडक, म्हणून बन्सीधर म्हणाला, "मी चालवतो. तू पेटी धरून मागं बस." त्याच्या मनात काळजी होती, आणि थोडी हौसही. खूप वर्षांनी तो जनावरांसाठी निघाला होता.

साडेनऊला आम्ही निघालो. दोन माणसं, पेटी, समोरून झळांचा वारा. पहिले वीस किलोमीटर मी कसेबसे निभावले. मग टकटक सुरू झाली. राजेश्री म्हणाली, "मामा, जरा थांबू या. सावलीत गार होऊ द्या तिला."

"बर्फ वितळंल ना!" तो म्हणाला, आणि त्याने ॲक्सिलरेटर आणखी पिळला.

खरं तर दोघांचंही बरोबर होतं. म्हणूनच तर सगळं अवघड होतं. मला ओरडून सांगायचं होतं, पण माझ्याकडे त्या टकटकीशिवाय दुसरा आवाज नव्हता. मी तोच मोठा करत गेले. आणखी वीस किलोमीटर गेलो असू. एका लांब चढावर माझ्या पोटात वितळल्यासारखं काहीतरी झालं, खाडकन आवाज आला आणि मागचं चाक जागच्या जागी आवळलं गेलं.

आम्ही घसरलो. बन्सीधरने लगेच क्लच दाबून चाक सोडवलं, नाहीतर काय झालं असतं सांगता येत नाही. राजेश्रीचं कोपर सोलवटलं. पेटी रस्त्यावर आपटून तिचा एक कोपरा फुटला आणि बर्फाचे तुकडे डांबरावर विखुरले. बघता बघता त्यांचं पाणी झालं आणि पाणीही नाहीसं झालं.

राजेश्रीने आधी सासऱ्याला उठवलं. "लागलं का, मामा?"

"न्हाई. पेटी बघ, पेटी."

तिने ओढणी काढून फुटक्या कोपऱ्याला गुंडाळली, उरलेला बर्फ लसीच्या बाटल्यांभोवती लावला आणि रस्त्याच्या कडेला हात करत उभी राहिली. पाऊण तासाने एसटी आली. चढताना ती मागे वळून म्हणाली, "मामा, तुमी सावलीतून हलू नका. मी आदिनाथला फोन करते." बन्सीधर काहीतरी बोलणार होता, पण दार लागलं आणि बस निघाली.

तो आणि मी एका कडुलिंबाखाली राहिलो. बराच वेळ तो माझ्याकडे बघत नव्हता. मग त्याने पाना काढला, हाताला टॉवेल गुंडाळला आणि माझा प्लग उघडला. प्लगचं टोक उरलंच नव्हतं. ते वितळून गेलं होतं, आणि जे उरलं होतं त्यावर माझ्याच दट्ट्याच्या धातूचे चंदेरी थेंब चिकटले होते. दट्ट्याला वरून भोक पडलं होतं.

बन्सीधर तो तुकडा बोटात फिरवत राहिला. आयुष्यभर त्याने जखमा बघितल्या होत्या. कुठली जखम कशाने झाली, ते त्याला न सांगता कळायचं. हीही त्याला कळली.

"म्या तुज्या तोंडात जळता इस्तू ठिवला गं," तो हळूच म्हणाला. "पोरगी सांगत होती. दोनदा सांगितलं तिनं."

मला त्याला काहीतरी उत्तर द्यायचं होतं. पण मी गार पडत चालले होते. तापलेलं लोखंड गार होताना टिक टिक असा आवाज करतं, तेवढाच माझ्याकडून निघाला.

आदिनाथ येऊन आम्हा दोघांना घरी घेऊन गेला. पुढचं मी बघितलं नाही, राजेश्रीने घरी सांगितलं तेव्हा ऐकलं. बसला वाटेत वेळ लागला. ती सुलाबाईच्या दारात पोहोचली तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. तिने पेटीत हात घातला. आत कोमट पाणी होतं. सुलाबाईने शेळ्या दावणीला बांधून तयार ठेवल्या होत्या.

राजेश्री म्हणाली, "मावशी, ही लस आता टोचता येणार न्हाई. गरम झाली."

"अगं, एवढी आणलीस तर दे की टोचून. काय हाय त्ये दे."

"हिच्यात आता काही न्हाई. मी टोचली तर तुला वाटंल शेळ्या वाचल्या, आन् तू निर्धास्त राहशील."

सुलाबाईने खूप विनवलं, मग ती रागावली, मग रडली. राजेश्रीने तरी सुई हातात घेतली नाही. नवी लस मिळवून परत जायला तिला पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत साथ गावात शिरली. सुलाबाईच्या नऊ शेळ्या गेल्या. बाकीच्यांत रोग शिरलाय की काय म्हणून डॉक्टरांनी लस थांबवली आणि आणखी काही दिवस वाट बघायला सांगितलं.

हे सांगून झाल्यावर राजेश्री बन्सीधरला एक शब्द बोलली नाही. तिने बोलायला हवं होतं, असं त्याला वाटत होतं. तो जेवणाच्या ताटावरून उठला, अंगणात आला, परत आत गेला, परत आला. चतुराबाई म्हणाली, "बसा की एका जागी." त्याला बसवत नव्हतं. मला त्याची तगमग चांगली ओळखू येत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने मला टेम्पोत घातलं आणि परभणीला सिद्धोधन मिस्त्रीकडे नेलं. राजेश्रीलाही बरोबर घेतलं. सिद्धोधनने माझं डोकं उघडलं, भोक बघितलं आणि वितळलेला प्लग उजेडात धरला.

"हा कुणी बसवला?"

बन्सीधर म्हणाला, "म्या. ही नगं म्हणत होती. इचारू म्हणत होती. म्या ऐकलं न्हाई."

राजेश्रीने मान वर करून सासऱ्याकडे बघितलं. मिस्त्रीच्या दुकानात चार माणसं बसली होती. त्यांच्यासमोर तो हे बोलला होता.

सिद्धोधनने टोमणा मारला नाही. त्याने टेबलावर सात-आठ प्लग ओळीने मांडले आणि राजेश्रीला जवळ बोलावलं. "ताई, प्लग बघताना नुसते आटे बघून भागत न्हाई. आधी आटे. मग आट्यांची लांबी, ती जास्त झाली तर टोक दट्ट्याला लागतंय. मग फट. आन् सगळ्यात मोठी गोष्ट त्याची गरमी. काही प्लग आपली ऊब आपल्यापाशीच धरून ठिवतेत, त्येन्ला आमी गरम म्हणतो. काही ती लवकर सोडून देतेत, ते थंड. बारक्या गाडीला, हळू चालणारीला गरम चालतो. हिला न्हाई."

"पण आकडा तोच होता," बन्सीधर म्हणाला.

"काका, एका कंपनीत आकडा वाढला की प्लग थंड होतो. दुसरीत वाढला की गरम. मोजणीच उलटी. तुमचा आकडा बरोबर होता, पण ती भाषा दुसऱ्या कंपनीची होती."

बन्सीधर खाली बघत म्हणाला, "मग सगळ्यात थंड हाय तो दे. पुन्हा जळायला नको."

"खामखा तसं करू नका, काका. भीतीनं निवडलेला बी चुकतो."

पण बन्सीधर ऐकेना. नवा दट्टा बसवून झाल्यावर त्याने सगळ्यात थंड प्लगच टाकून घेतला. आणि मित्रांनो, माझे दुसरे हाल सुरू झाले. राजेश्रीचं काम कसं, चार किलोमीटर जायचं, थांबायचं, गल्लीतून हळू जायचं, परत थांबायचं. तो प्लग तापायचाच नाही. त्याच्यावर पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑईलची काळी ओली पुटं चढायची आणि ठिणगी त्यातच विझायची. प्रत्येक गावच्या वेशीवर मी बंद पडायचे. आधी थांबता येत नव्हतं, आता निघता येईना. राजेश्री पेटी पाठीला बांधून मला ढकलत न्यायची आणि मला माझीच लाज वाटायची.

आठ दिवस तिने एक काम केलं. लसीकरणाच्या वहीच्या मागच्या पानावर ती लिहीत गेली, आज किती अंतर गेले, किती वेळा थांबले, चढ कुठे होता, ऊन किती होतं, प्लग काढला तेव्हा कसा दिसला. ते पान घेऊन ती पुन्हा सिद्धोधनकडे गेली. बन्सीधरही सोबत होता, पण या वेळी तो बाकड्यावर गप्प बसला.

सिद्धोधनने पान नीट वाचलं. "आता झालं सोपं," तो म्हणाला. "गाडी कुठली ते मला कळत होतं. गाडीला काम काय हाय, ते तुमी आज सांगितलं."

त्याने वरच्या फळीवरून धूळ बसलेली एक डबी काढली. त्या दोन्ही प्लगांच्या मधला होता हा. फट मोजून त्याने ती थोडी दाबली, हाताने आटे फिरवून प्लग बसवला आणि शेवटीच पाना लावला. "जा, दहा किलोमीटर जाऊन या. थांबायच्या आधी हळू करू नका. चालत्या वेगात क्लच दाबा, चावी बंद करा आन् तिथंच प्लग काढून बघा."

बन्सीधर उठला, सवयीने त्याचा हात माझ्या हँडलकडे आला, आणि त्याने तो मागे घेतला. "तू जा," तो राजेश्रीला म्हणाला. "तुला तिचा आवाज कळतो."

ती वसमतच्या रस्त्याला मला घेऊन गेली. मी काय सांगू? प्रत्येक ठिणगी जिथे पडायला हवी तिथेच पडत होती. आधी नाही, नंतर नाही. दहाव्या किलोमीटरला तिने क्लच दाबला, चावी फिरवली आणि मी थांबले, अगदी म्हटल्यासारखी. तिने रस्त्यातच प्लग काढला. त्याची चिनी माती बदामाच्या सालीसारखी तांबूस होती, कोरडी, स्वच्छ. ती एकटीच हसली. मग डोळे पुसून तिने तो परत बसवला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी लस दिली आणि राजेश्री सुलाबाईच्या गावाला निघाली. बन्सीधर म्हणाला, "मी येतो." राजेश्रीने माझं हँडल धरलं, तो नवी पेटी मांडीवर घेऊन मागे बसला. वाटेत ती दोनदा थांबली, मला गार होऊ दिलं, आणि तरीही आम्ही बर्फ वितळायच्या कितीतरी आधी पोहोचलो.

सुलाबाईने आम्हाला बघितलं आणि ती दाव्याला हात लावून तशीच उभी राहिली. अंगणात नऊ खुंटे रिकामे होते.

बन्सीधर खाली उतरला. "बाई," तो म्हणाला, "त्या दिवशी लस गरम झाली ती माझ्यामुळं. हिच्यामुळं न्हाई. गाडीत चुकीची वस्तू म्या बसवली होती. ही सांगत होती, म्या ऐकलं न्हाई."

सुलाबाई म्हणाली, "ऐकून माझ्या शेळ्या यायच्या न्हाईत."

"न्हाई यायच्या," बन्सीधर म्हणाला.

त्याने धोतर खोचलं आणि तो शेळ्यांमध्ये शिरला. एकेक शेळी त्याने गुडघ्यांत धरली, तिचं डोकं एका हाताने आवरलं आणि सुनेपुढे केली. राजेश्री टोचत गेली. ज्याला गावोगाव डाक्टर म्हणायचे, तो दिवसभर तिच्या हाताखाली होता. सुलाबाईच्या तेवीस झाल्या, मग शेजारच्यांच्या, मग आळीतल्या सगळ्या. संध्याकाळी त्याला उठताना कमरेला हात लावावा लागला. सुलाबाईने त्याच्यासमोर चहाचा कप ठेवला. आम्ही निघालो तेव्हा ती माझ्या हँडलपाशी आली आणि राजेश्रीला म्हणाली, "पुढच्या खेपेला सकाळीच ये. उनाची नगं येऊ." एवढंच. पण तिने 'ये' म्हटलं होतं.

मित्रांनो, तुमच्याकडे जुनी वस्तू असेल तर तिला धूळ खात ठेवू नका, हे तर मी म्हणेनच. पण त्याहून जास्त एक सांगते. तिला काहीही देण्याआधी तिला काय हवं आहे ते बघा. तिची टकटक ऐका. आणि तुमच्यापेक्षा लहान कुणी ती आधी ऐकली असेल, तर त्याचंही ऐका. सुलाबाईच्या त्या नऊ खुंट्यांना अजून शेळ्या बांधलेल्या नाहीत. आम्ही दर महिन्याला तिकडे जातो. दोन खुंट्यांपाशी करडं खेळताना दिसतात. उद्या पुन्हा जायचं आहे, आणि मला आत्तापासूनच निघायची घाई झाली आहे.